ई-पुस्तक उसनं द्यायचंय? आधी फाइल उघडून बघा

पुस्तकाचे पैसे भरलेत, पावती मेलमध्ये पडलीय, तरी तीच फाइल मैत्रिणीला पाठवली की तिच्या फोनवर उघडत नाही. फोनचा यात काही दोष नसतो. बहुतेक ऑनलाइन दुकानांत ‘खरेदी करा’ या बटणामागे वाचायची परवानगी मिळते आणि ती तुमच्या खात्याच्या नावावर असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानदाराला हे खरेदीच्या वेळीच ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे ते वाक्य शोधायचं तर अटींच्या पानात खोल उतरावं लागतं.

कागदी पुस्तकाला हा जाच का नाही, ते आधी बघू. पुढचे निर्णय त्यावरच ठरतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार प्रती लोकांत आणण्याचा हक्क हक्कधारकाचा, पण आधीच चलनात असलेल्या प्रती त्यातून वगळल्यात. एकदा विकलेली प्रत चलनात आली असं धरायचं, हे स्पष्टीकरणही तिथेच आहे. म्हणून रद्दीवाला, जुनी पुस्तकं विकणारा, महिना वर्गणी घेणारं गल्लीतलं वाचनालय हे सगळे कायद्यात बसतात. ई-पुस्तक ‘देताना’ मात्र तुमची प्रत तुमच्याकडेच राहते आणि समोरच्याकडे दुसरी तयार होते. इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हीसुद्धा नक्कलच, असं त्याच कलमात लिहिलंय. वापरलेली गाणी विकणाऱ्या रीडिजीचा खटला अमेरिकेच्या अपील न्यायालयात २०१८ मध्ये निकाली निघाला, वापरलेली ई-पुस्तकं विकणाऱ्या टॉम कॅबिनेटचा युरोपीय न्यायालयात २०१९ मध्ये. दोन्ही न्यायालयांची वाट वेगळी होती, पण पोचली ती एकाच जागी: फाइलीला जुन्या बाजाराचा नियम लागत नाही.

तेव्हा ‘माझं पुस्तक, मी कुणालाही देईन’ हे वाक्य ई-पुस्तकाच्या बाबतीत प्रत्येक फाइलीपुरतं तपासून घ्यावं लागतं.

फाइल कुठल्या जातीची आहे

संगणकावर फाइलीचं शेपूट, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढची रोमन अक्षरं, बघा. ‘.एसीएसएम’ असेल आणि आकार जेमतेम काही केबी असेल, तर ते पुस्तक नव्हेच, पुस्तक आणायची चिठ्ठी आहे. ती अडोबी डिजिटल एडिशन्समध्ये उघडली की खरी फाइल उतरते आणि तुमच्या अडोबी आयडीला बांधली जाते. इथे नेहमी होणारा घोटाळा असा: ती चिठ्ठी आधी मित्राला पाठवली, त्याने त्याच्या आयडीने उघडली, आणि मग तुम्ही उघडायला गेलात तर ‘दुसऱ्या वापरकर्त्याने आधीच घेतलंय’ असा संदेश येतो. चिठ्ठी पहिल्यांदा ज्याने उघडली, पुस्तक त्याचं. शिवाय संगणकाचं घड्याळ चुकीचं असेल किंवा चिठ्ठी बरेच दिवस पडून राहिली असेल, तर ‘मुदत संपली’ असं म्हणून ती अडते. घड्याळ नीट करा, दुकानातल्या खात्यातून चिठ्ठी नव्याने उतरवा.

शेपूट ‘.ईपब’ असेल तर फाइलीची एक प्रत करा, तिचं शेपूट बदलून ‘.झिप’ करा आणि उघडा. ईपब म्हणजे आतून झिपच असते. आत ‘मेटा-इन्फ’ नावाचा फोल्डर दिसेल. त्यात ‘राइट्स.एक्सएमएल’ असेल तर अडोबीचं कुलूप आहे. ‘लायसन्स.एलसीपीएल’ असेल तर एलसीपी नावाचं, सांकेतिक वाक्य टाकून उघडणारं कुलूप. नुसती ‘एन्क्रिप्शन.एक्सएमएल’ दिसली तर लगेच घाबरू नका. पुष्कळदा फक्त फॉन्ट झाकलेला असतो आणि मजकूर मोकळा असतो. यातलं काहीच नसेल तर फाइल मोकळी आहे. मोकळी म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मोकळी, वाटायची मुभा आहे असा त्याचा अर्थ होत नाही. हा फरक व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज विसरला जातो.

गूगल प्ले बुक्समध्ये हे आणखी सोपं आहे. वेबवर पुस्तकाच्या मेनूत ‘एक्स्पोर्ट’ दाबा. ‘डाउनलोड ईपब’ आलं तर प्रकाशकाने कुलूप लावलेलं नाही. ‘एक्स्पोर्ट एसीएसएम’ आलं तर लावलंय. किंडलच्या पुस्तकांची फाइल संगणकावर उतरवून यूएसबीने नेण्याची सोय अॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून टाकली, त्यामुळे तिथे बहुतेक पुस्तकांची तपासायला फाइलच हाती येत नाही. ज्यांनी त्याआधी उतरवून ठेवली त्यांच्याकडे ती आहे, तीसुद्धा स्वतःच्या यंत्रापुरती.

कुलूप तोडायची साधनं इंटरनेटवर सापडतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि पाचजणांना वाटायला तोडलं तर तो हेतू नाकारणं अवघड जातं.

घरातल्या घरात

कुलूपबंद पुस्तकं कायदेशीरपणे दुसऱ्याच्या हातात देण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे दुकानाची कुटुंब-सोय. गूगलवर कुटुंबप्रमुख धरून सहाजण होतात. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी, मग सेटिंग्ज, मग फॅमिली, आणि तिथून आमंत्रण. समोरच्याने ते स्वीकारलं की प्ले बुक्समध्ये पुस्तकाशेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘फॅमिली लायब्ररीत घाला’ म्हणायचं. हा पर्याय दिसला नाही तर त्या पुस्तकाला किंवा तुमच्या देशातल्या खात्याला ती सोय नाही, इतकंच. भाड्याने घेतलेली, नमुन्याची आणि तुम्ही स्वतः चढवलेली पुस्तकं यात घालता येत नाहीत.

अडचणी तीन ठिकाणी येतात. सगळे सभासद एकाच देशात असावे लागतात, म्हणून न्यू जर्सीतल्या भावाला पुण्यातल्या गटात घेता येत नाही. दिवाळीला येऊन गेला तरी नाही. गट सोडून दुसऱ्यात जायचं तर बारा महिन्यांत एकदाच, त्यामुळे ‘आज मामाच्या गटात, उद्या आत्याच्या’ हा खेळ चालत नाही. आणि तिसरी पैशाची: कुटुंबासाठी एक कार्ड जोडलं की सभासदांनी त्यावर केलेल्या खरेदीचं बिल प्रमुखाच्या माथी. आमंत्रण पाठवण्याआधीच खरेदीला मंजुरी लागेल अशी सेटिंग करून टाका. सभासद गटातून गेला की त्याच्या फोनवरून इतरांची पुस्तकं जातात आणि त्याने घातलेली इतरांकडून जातात. अर्ध्या वाचलेल्या पुस्तकाचा भांडणाशिवाय निकाल लागत नाही, हा अनुभव बहुतेक घरांत आहे.

अॅपलची कुटुंब-सोयही सहाजणांची आहे. अॅमेझॉनच्या सोयीत मोठी माणसं फक्त दोन. मराठी पुस्तकं किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे येऊ लागली, तेव्हा घरात साठलेला मराठी संग्रह याच खात्यांत अडकलेला असण्याचा संभव जास्त.

अॅमेझॉनने अमेरिकेत २०१० च्या अखेरीस उसनवारीही सुरू केली होती: प्रकाशकाची परवानगी असलेलं पुस्तक एकदाच, १४ दिवस, आणि तेवढे दिवस तुमच्याकडून गायब. त्या सोयीवर अनोळखी वाचकांच्या जोड्या जुळवणारी लेंडइंक नावाची साइट होती. ऑगस्ट २०१२ मध्ये लेखकांनीच ती चोरीची साइट समजून तक्रारींचा इतका मारा केला की साइटला जागा देणाऱ्या होस्टने ती बंद केली. तिथे एकही पुस्तक ठेवलेलं नव्हतं.

यंत्रच द्यायचं असेल तर

शेजारच्या काकूंना आठवडाभर किंडल द्यायचं ठरवलं तर देण्याआधी पाच मिनिटं बसा. सेटिंग्जमधल्या पेरेंटल कंट्रोल्समध्ये स्टोअर आणि ब्राउझर बंद करा, नाहीतर एका चुकीच्या टिचकीवर पुस्तक विकत घेतलं जातं. खात्याच्या वेबपानावर यंत्रांमधला मेळ, म्हणजे व्हिस्परसिंक, तात्पुरता बंद ठेवा. तो चालू राहिला तर काकूंनी वाचलेलं शेवटचं पान तुमच्या फोनवर ‘सर्वांत पुढचं पान’ म्हणून येतं आणि तुम्ही पन्नासाव्या पानावरून थेट शेवटाकडे ढकलले जाता. तुमच्या अधोरेखित ओळी आणि टिपा मात्र काकूंना दिसणारच. त्यात काही खासगी लिहिलं असेल तर आधी बघून घ्या. वायफाय बंद करून दिलं तर बॅटरीही जास्त टिकते.

इतक्यापुरतं कुणी अडवत नाही. पण तेच यंत्र दुकानाच्या पुस्तकांनी भरून भाड्याने फिरवलं की अटींचा सरळ भंग होतो, कारण परवाना व्यक्तीला दिलेला असतो.

वाचनालयाचं किंवा वाचनकट्ट्याचं ई-कपाट

खरी मोकळीक इथे आहे. तीन प्रकारची पुस्तकं घेता येतात: हक्क संपलेली, लेखकाने मोकळ्या परवान्यावर दिलेली, आणि तुम्ही लेखी परवानगी मिळवलेली.

हक्क संपल्याचा हिशोब भारतात असा: लेखकाचं निधन ज्या वर्षी झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. १९६५ मध्ये निधन झालेल्यांचं १ जानेवारी २०२६ पासून. चुका पुढच्या गोष्टींत होतात. दोन लेखक असतील तर नंतर गेलेल्याच्या वर्षापासून मोजायचं. निधनानंतर पहिल्यांदा छापलेलं पुस्तक असेल तर प्रकाशनापासून ६०. अनुवाद असेल तर अनुवादकाचं आयुष्य वेगळं मोजायचं. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी मराठी अनुवाद बंद असू शकतो. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठाचं चित्र यांचेही हक्क स्वतंत्र. म्हणून जुन्या आवृत्तीचा मजकूर घ्या, मुखपृष्ठ स्वतः साधं करा. आणि हा हिशोब भारतापुरता आहे. परदेशातल्या सभासदांना तिथला कायदा लागतो.

मराठी विकिस्रोतावरचं पुस्तक ‘डाउनलोड’ बटणाने थेट ईपबमध्ये मिळतं, तिथून सुरुवात करणं सोपं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं मंडळाच्या साइटवर फुकट उतरवता येतात. ती आपल्या कपाटात ठेवण्यापेक्षा सभासदाला दुवा द्या. फुकट मिळतं म्हणजे आपल्या साइटवर ठेवायची परवानगी मिळाली, असं नसतं. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं वाचून पुढे पाठवायला मुभा असते, पण वेबसाइटवर ठेवायला लेखी परवानगी लागते, असं त्यांच्या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानावरच छापलेलं असतं. ते पान वाचायची सवय लावून घ्या. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेली मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत, त्यांत हक्क शिल्लक असलेलीही मिसळलेली आहेत. तिथे आहे म्हणजे मोकळं आहे असं धरू नका.

परवानगी मागताना फोनवरचं ‘हो, ठेवा की’ चालत नाही. परवाना लेखी लागतो. पत्र लहान असलं तरी चालेल, पण त्यात हे यायला हवं:

“आपल्या ‘___’ या पुस्तकाची ईपब प्रत आमच्या वाचनालयाच्या नोंदणीकृत सभासदांना विनामूल्य वाचायला द्यायची आहे. एका वेळी जास्तीत जास्त __ सभासदांना, प्रत्येकी १४ दिवसांसाठी. मुदत दि. __ ते __. क्षेत्र: भारत आणि परदेशातील आमचे सभासद. प्रत पुढे पाठवू नये, अशी सूचना पहिल्या पानावर असेल. आपण कधीही लेखी कळवल्यास ३० दिवसांत प्रत काढून टाकू.”

मुदत आणि क्षेत्र लिहिलं नाही तर कायदा स्वतः भरतो: पाच वर्षं आणि फक्त भारत. दुबईतला सभासद असेल तर तो बाहेर पडला. पत्र कुणाला पाठवायचं हाही प्रश्न असतोच. जुन्या करारात ई-पुस्तकाचा उल्लेख नसेल तर तो हक्क प्रकाशकाकडे गेलाच असं नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कराराच्या वेळी नसलेल्या माध्यमाचा हक्क स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाही असं सांगितलंय. त्याआधीच्या करारांवर वाद होऊ शकतो, म्हणून लेखक किंवा वारस आणि प्रकाशक, दोघांचीही सही घ्या. महिनाभर जास्त गेला तरी चालेल.

कपाटातली स्वतःची कागदी पुस्तकं स्कॅन करून वाटता येतील का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. कलम ५२ मध्ये विनाव्यापारी सार्वजनिक वाचनालयाला, कागदी प्रत ताब्यात असेल तर, जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवायची मुभा आहे. जतनासाठी. सभासदांना घरी वाचायला देण्याचा त्यात उल्लेख नाही. एक कागदी प्रत कुलपात ठेवून तिच्या बदल्यात एकच डिजिटल प्रत फिरवायची, हा प्रयोग इंटरनेट अर्काइव्हने अमेरिकेत केला. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी ‘एकाला एक’ ही मर्यादा काही आठवडे उठवली, चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, आणि मार्च २०२३ मध्ये अर्काइव्ह हरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तेच. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. त्यांच्या वकिलांना जे जमलं नाही ते तालुक्याच्या वाचनालयाने करून बघू नये.

आता कपाट उभं करू. जुना लॅपटॉप आणि कॅलिबर हा फुकट प्रोग्रॅम एवढं पुरतं. पुस्तकं आत घाला आणि लेखकाचं नाव, साल, परवान्याचा प्रकार भरा. परवान्यासाठी एक वेगळा रकाना करता येतो, तो कराच. ‘कनेक्ट/शेअर’ मधून कंटेंट सर्व्हर सुरू केला की त्याच वायफायवरच्या फोनला ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे :८०८० टाकून यादी दिसते. सुरू करण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये ‘शेअरिंग ओव्हर द नेट’ इथे नाव आणि पासवर्ड सक्तीचा करा आणि प्रत्येक सभासदाचं खातं उघडा.

दिसत नसेल तर या क्रमाने बघा. लॅपटॉप झोपी गेलाय का. झाकण लावल्यावर झोपायची सेटिंग बंद करा. विंडोजच्या फायरवॉलने कॅलिबरला अडवलंय का. राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदललाय का. राउटरमध्ये तो पत्ता त्या लॅपटॉपसाठी राखून ठेवता येतो. कोरीडरसारख्या वाचायच्या अॅपमधून ओपीडीएसने (अॅपला पुस्तकांची यादी दाखवायची पद्धत) जोडताना, म्हणजे त्याच पत्त्यापुढे /ओपीडीएस (हे अर्थात रोमन लिपीत) लावून, पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला तर अॅडव्हान्स्डमध्ये ओळख पटवण्याची पद्धत ‘बेसिक’ करून बघा. ती पद्धत वाचनालयाच्या वायफायपुरतीच ठेवा, सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवर उघडू नका.

कॅलिबर म्हणजे कुलूप नव्हे. सभासदाने फाइल उतरवली की परत येत नाही. ‘१४ दिवस, एका वेळी एकच’ असं लेखकाला लिहून दिलं असेल तर ते पाळायला एलसीपी लागतं. त्यात परवान्याच्या फाइलीत शेवटची तारीख असते आणि थोरियम रीडर हे वाचायचं अॅप ती तारीख उलटल्यावर पुस्तक उघडत नाही. मात्र त्याचा सर्व्हर बसवायला तांत्रिक माणूस हवाच.

तेवढी ताकद नसेल तर सरळ वाट घ्या: साधे सहा इंची ई-रीडर घ्या, परवानगीची पुस्तकं त्यांत भरा आणि यंत्र पुस्तकासारखं नोंदवहीत लिहून द्या. यंत्र क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख, केबल दिली का, अनामत. परत आल्यावर चार्ज लावा आणि पुस्तकांची संख्या यादीशी ताडून बघा. केबल दर वेळी मागून घ्यावी लागते. ती हमखास घरी राहते.

मराठीची एक खास डोकेदुखी सांगून ठेवतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली पीडीएफ डोळ्यांना छान दिसते, पण कॅलिबरने तिची ईपब केली की ‘आई’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा येतो, कारण आत युनिकोड मजकूर नसतोच. तपासायला पीडीएफमधली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी आली तर ठीक. नाहीतर लेखकाकडे मूळ फाइल मागा, युनिकोडमध्ये बदलून घ्या; तीही नसेल तर पानांची चित्रं गूगल ड्राइव्हमधून गूगल डॉक्समध्ये उघडून अक्षरओळख करा आणि मुद्रितशोधनाला माणूस बसवा. रफार आणि जोडाक्षरं तिथे हटकून चुकतात.

खातं बंद पडलं तर

जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ऑरवेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दूरूनच पुसल्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पैसे परत आले, पुस्तकं गेली. टिपा काढत वाचणाऱ्याचं नुकसान पैशात मोजता येत नाही, तेव्हा टिपा सहा महिन्यांतून एकदा बाहेर काढून साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा. मोकळ्या ईपब उतरवून दोन ठिकाणी ठेवा, एक घरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, आणि प्रत्येकीशेजारी तिची पावती किंवा परवानगीपत्राची पीडीएफ. फाइलीच्या नावातच साल आणि परवाना लिहिला की पाच वर्षांनी वाचनालयात नवा ग्रंथपाल आला तरी त्याला कुणाला विचारत बसावं लागत नाही.